एका माणसाने किती यंत्रे पाहावीत?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला बोलावले, तेव्हा मी संपांच्या आणि मोर्चांच्या आठवणी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना विषय कळवला तो निराळाच: एका संगणकाला अनेक इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडून त्यांतले दोष शोधण्याची कला कशी वाढत आली, याचा इतिहास. चालकांपैकी एकाने मला रस्त्यात गाठून विचारले, "भाऊ, हा तर इंजिनियरांचा प्रांत. तुम्ही तिकडे कसे वळलात?" प्रश्न रास्त आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली. मालेगावात पॉवरलूमवर कांड्या भरण्यापासून माझ्या पोटापाण्याची सुरुवात झाली, आणि पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दुसऱ्यांनी आणून दिलेल्या पुस्तकांतून. परंतु हा विषय माझ्याकडे चालत आला तो एका तक्रारीच्या रूपाने. म्हणून आधी ती तक्रार सांगतो.

आपल्या भागातला शेतकरी केळीला नाहीतर कपाशीला पाणी द्यायला रात्री विहिरीवर जात नाही. घरी बसून मोबाईलवरून मोटार चालू करतो. त्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड असतो. त्यावर एक चिप असते. तीन फेज आले का, विहिरीत पाणी आहे का, मोटार तापली का, हे सगळे ती चिप पाहते. संगणक म्हणावा तर तो आहे, पण त्याला ना पडदा ना कळफलक. असे बोर्ड बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आपल्याच तालुक्यातली एक मुलगी तपासणीच्या टेबलावर कामाला आहे. तिच्यासमोर एक संगणक, आणि त्याला एकाच हबमधून जोडलेले आठ बोर्ड. प्रोग्राम भरायचा, चालवून पाहायचा, कुठे अडतो ते शोधायचे, दुरुस्त करून पुन्हा भरायचा. एके दिवशी दुपारी लाईट गेली आणि आली. तिने पूर्वीच्याच क्रमाने तिसऱ्या बोर्डाला पुसण्याचा हुकूम दिला, आणि पुसला गेला पाचवा. पाचव्या बोर्डात गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना होता. त्यात आठ दिवसांची मोजमापे साठवलेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात निष्काळजीपणाचा मेमो पडला आणि चार दिवसांचा पगार कापण्याची नोटीसही मिळाली. तो कागद घेऊन ती युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, मी तीनच म्हटले होते. त्याने पाच ऐकले."

मी तीस वर्षे मेमो वाचत आलो आहे. पण यंत्राने भलतेच ऐकले, ही तक्रार मला नवीन होती. तिचा उलगडा करण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. आज तुम्हालाही तिकडे घेऊन जातो.

आपल्या एरंडोलात एके काळी हाताने कागद बनवीत. जुन्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे. कागदी हौदात चौकट बुडवी, लगदा उचली आणि ती हलवून एक ताव पाडी. त्याचे दोन्ही डोळे त्या एका तावावर असत. ताव बिघडला तर का बिघडला हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नसे. एक माणूस आणि एक अवजार, असा हा हिशेब होता. गिरणी आली आणि तो मोडला. अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी १९०६ साली निघाली. खानदेशातले, कोकणातले, घाटावरचे शेतकरी साळखात्यात उभे राहिले आणि एका माणसापुढे दोन साचे आले. एका साच्यावर धोटा फिरत असताना दुसऱ्यावरचा तुटलेला धागा सांधायचा. दोन साचे हा पुढे गिरण्यांतला रिवाजच होऊन बसला.

मग १९२८ साल उजाडले. मुंबईच्या मालकांनी काटकसरीच्या नावाखाली विणकरांना दोनाऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्यांना एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायला लावण्याचे ठरवले. हिशेब सोपा होता. तीन विणकर दोन-दोन साचे चालवतात ते सहा. दोन विणकर तीन-तीन चालवतात तेही सहाच. तिसऱ्या विणकराने गावाकडची वाट धरावी. २६ एप्रिल १९२८ ला सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ६ ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, अर्जुन आळवे ही नावे त्या संपाने घरोघरी पोचवली. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. शेवटी सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली.

या संपाविषयी बोलताना आपण रोजगाराचा प्रश्न सांगतो आणि तिथे थांबतो. त्यात एक दुसराही मुद्दा होता. विणकर म्हणत, तीन साचे पाहायचे तर सूत चांगले द्या. हलके सूत वारंवार तुटते आणि तुटणारा धागा माणसाला जागेवर खिळवून ठेवतो. यातला हिशेब मी तुम्हाला मांडून दाखवतो. समजा, एक यंत्र तासात दोनदा अडते आणि दर वेळी तीन मिनिटे मागते. एका यंत्राला सहा मिनिटे लागली. आठ यंत्रांना अठ्ठेचाळीस. दहा यंत्रे दिली की तास संपला. पाणी प्यायलाही वेळ नाही. आणि यंत्रे काही रांग लावून बिघडत नाहीत. दोन एकदम अडली की एक ताटकळत उभे राहणारच. म्हणजे एका माणसाने किती यंत्रे पाहावीत, याचे उत्तर त्याच्या अंगातल्या ताकदीवर तेवढे अवलंबून नाही. यंत्र किती वेळा अडते आणि अडले हे किती लवकर व किती स्पष्ट कळते, यावर ते अधिक अवलंबून आहे.

हे ज्याने ओळखले त्याने जग बदलले. अमेरिकेत नॉर्थ्रपच्या मागात आणि जपानमध्ये साकिची तोयोदाच्या मागात ही युक्ती होती. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकवलेली असते. धागा आहे तोवर पट्टी वर, धागा तुटला की पट्टी खाली, आणि माग आपोआप बंद. तोयोदाचा 'जी' नावाचा माग १९२४ सालचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले, म्हणजे मागांच्या माहेरघरानेच परक्याकडून माग उसना घेतला. या पट्टीची करामत अशी की डोळ्यांत तेल घालून पाहत राहण्याची गरज संपली. यंत्र स्वतः हात वर करू लागले. आणि हात वर करणारे यंत्र जागेवरच असते, त्यामुळे कोणी हात वर केला हा प्रश्नच उद्भवत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे नेमकी हीच सोय हरवणार आहे.

आता संगणकाकडे वळू. यंत्रातला दोष काढण्याला इंग्रजीत डिबगिंग म्हणतात, म्हणजे किडा काढणे. एडिसनच्या काळापासून दोषाला किडा म्हणत. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्रात खरोखरीचा पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक बांधला. १९५६ मध्ये त्याचा छोटा नमुना आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र सुरू झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. सुमारे २७०० व्हॉल्व्ह असलेल्या त्या एका यंत्राभोवती माणसांचा ताफा असे. म्हणजे गिरणीच्या उलट: यंत्र एक आणि पाहणारे अनेक.

१९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. संगणक नखाएवढा झाला आणि पाच-दहा वर्षांत तो वजनकाट्यात, धुलाईयंत्रात, पंपात जाऊन बसला. अशा बोर्डातला दोष शोधायचा कसा? तो आत बसून काय करतो ते बाहेर दिसत नाही. त्या वेळी एक महागडी पेटी असे. बोर्डावरची चिप काढायची आणि तिच्या जागी त्या पेटीची वायर लावायची. मग ती पेटी चिपचे सोंग घेई आणि आपल्या पोटातले सगळे दाखवी. एका बोर्डाला एक पेटी, आणि पेटीसमोर एक इंजिनियर. हौदावरचा कागदीच जणू परत आला.

पुढे चिपचे पाय इतके बारीक आणि दाट झाले की त्यांना सुई टेकवणेही कठीण झाले. तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९८५ साली एक गट स्थापन केला. त्या गटाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांच्या पद्धतीला जेटॅग म्हणतात. १९९० साली ती सर्वमान्य मानक झाली. कल्पना अशी की दोष शोधण्याची सोय चिपच्या पोटातच बांधून ठेवायची. तोयोदाच्या मागावरची पट्टी आता चिपमध्ये गेली. चार तारांवरून चिपला थांबवता येते, तिच्या मनात काय आहे ते वाचता येते आणि एकेक पाऊल चालवता येते.

अनेक चिपा असल्या तर काय करायचे? स्लॅब टाकताना बिगारी रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जेटॅगची साखळी तशीच आहे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप सरकत जातो. ज्या चिपशी काम नाही, तिला सांगायचे की तू नुसते घमेले पुढे दे. पण या रांगेत दोन उणिवा आहेत. एक बिगारी खाली बसला की सारी रांग बंद. आणि दुसरी त्याहून महत्त्वाची. जवळजवळ प्रत्येक चिप विचारल्यावर ३२ बिटांचा एक क्रमांक सांगते. त्यावरून ती कोणत्या कंपनीची, कोणत्या जातीची, कितव्या आवृत्तीची हे कळते. एकाच जातीच्या आठही चिपा मात्र तोच क्रमांक सांगतात. म्हणजे ती आपले कूळ सांगते, नाव सांगत नाही. साखळीत तिची ओळख कशावरून, तर रांगेत ती कितवी उभी आहे एवढ्यावरूनच.

पुढे यूएसबी आली आणि रांगेऐवजी प्रत्येक बोर्डाला आपापली वायर मिळाली. एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात. ऑग्सबुर्गच्या महाविद्यालयात डॉमिनिक राथ नावाच्या विद्यार्थ्याने २००५ साली पदविकेच्या प्रबंधासाठी ओपनओसीडी हा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांना मोकळा करून दिला. त्यामुळे लहान कारखान्यांनाही हे काम परवडू लागले. आता एका संगणकाला आठ-आठ बोर्ड लागू लागले. नावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. हब चालू झाला की संगणक एकेकाला पुकारतो, आणि जो आधी ओ देतो त्याला पुष्कळदा पहिला क्रमांक मिळतो. उद्या दुसरा आधी बोलला तर पहिला क्रमांक त्याचा. शिवाय ओपनओसीडी ३३३३ क्रमांकाच्या दारावर बसून हुकूम ऐकतो. आठ बोर्डांसाठी त्याच्या आठ प्रती चालवायच्या तर प्रत्येकीला निराळे दार द्यावे लागते. नाहीतर दुसरी प्रत दाराशीच अडते.

आता त्या मुलीचे वाक्य तुमच्या ध्यानात येईल. तिने बोर्डांवर चिकटपट्टी लावून एक ते आठ आकडे लिहिले होते. ते आकडे तिला दिसत होते, संगणकाला दिसत नव्हते. लाईट गेली, परत आली, बोर्डांनी निराळ्या क्रमाने ओ दिली. तिचा तिसरा तो संगणकाचा तिसरा राहिला नाही.

मी हा खुलासा लिहून व्यवस्थापकांना दिला. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. मग मी म्हटले, साहेब, पंचनामा करू. टेबलाभोवती आम्ही चौघे उभे राहिलो. हबची वायर पाच वेळा काढून लावली आणि दर वेळी कोणता बोर्ड कितवा आला ते कागदावर मांडले. पाचांपैकी दोनदा क्रम बदलला. त्यानंतर वाद राहिला नाही. मेमो मागे घेतला गेला, पगार कापला गेला नाही. त्या व्यवस्थापकांविषयी माझ्या मनात राग नाही; त्यांनाही हे कुणी सांगितलेले नव्हते.

पण मेमो मागे गेल्याने दोष जात नाही. उद्या तोच प्रकार दुसऱ्या पाळीला झाला असता. म्हणून पुढे काय केले तेही सांगतो. बोर्डाला जोडायच्या प्रत्येक प्रोबला कारखान्यातून आलेला सिरियल नंबर असतो. हुकूम क्रमाने न देता त्या नंबराने द्यायचा असे ठरले. दुसऱ्या टेबलावरच्या स्वस्त जोडण्यांना असा नंबरच नव्हता; तिथे हबच्या कोणत्या भोकात वायर आहे त्यावरून ओळख बांधली. यातही एक फट राहते. प्रोबचा नंबर म्हणजे बोर्डाचा नंबर नव्हे. प्रोब उचलून दुसऱ्या बोर्डाला लावला की पुन्हा घोटाळा. त्यावर उपाय त्या मुलीनेच सुचवला. त्यांच्या बोर्डावर एसटीएम३२ जातीची चिप होती. तिच्या पोटात ९६ बिटांचा क्रमांक कोरलेला असतो आणि तो दुसऱ्या कोणत्याही चिपचा नसतो. पुसण्यापूर्वी संगणकाने तो वाचावा, यादीशी ताडून पाहावा आणि जुळला तरच पुसावे. दोन ओळींचे काम आणि अर्ध्या सेकंदाचा खर्च.

हे सारे लहान कारखान्याचे झाले. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट नीट कशी करतात, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जावे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरत आले आहेत. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी एका किलोमीटरच्या परिसरात, आणि सोळा तीन दिशांना, शेतांमधून, गावांमधून, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी तिचा स्वतःचा संगणक असतो आणि यंत्रणेत लहान लहान नियंत्रक बोर्ड असतात. प्रकाशतंतूंच्या वायरीवरून मध्यवर्ती कक्षातून हुकूम जातात आणि उत्तरे येतात. तीस तबकड्या एकदम आकाशातल्या एकाच बिंदूकडे वळतात.

तिथली नावे पाहा. मध्यभागातल्या तबकड्यांना सी, पूर्वेकडच्यांना ई, दक्षिणेकडच्यांना एस, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू, आणि पुढे आकडा. डब्ल्यू ०३ ही वीज जाऊन आली तरी डब्ल्यू ०३ च राहते. एखादी आजारी पडली तर तिची मापे बाजूला काढतात आणि बाकीच्यांचे निरीक्षण चालू राहते. तिला कोणी निष्काळजी म्हणत नाही, आणि तिच्यासाठी सगळ्यांना थांबवतही नाहीत.

श्रोतेहो, १९२८ च्या विणकराने तीन साच्यांना नकार दिला, तेव्हा तो प्रगतीच्या आड आला असे पुष्कळांनी म्हटले. आज त्याची नात आठ बोर्ड पाहते आणि तिची त्याला हरकत नाही; उद्या सोळाही पाहील. मी स्वतः आकड्याचा विरोधक नाही. पण आकडा वाढवण्यापूर्वी काही गोष्टी तपासल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. यंत्र अडले तर ते स्वतः सांगते का? सांगते तर कोण सांगत आहे हे नि:संशय कळते का? एकाचा दोष दुसऱ्याच्या वाट्याला जाणार नाही अशी प्रत्येकाची स्वतंत्र वाट आहे का? आणि ती तीनही उत्तरे होकारार्थी असली, तरी सगळ्यांकडे पोचायला माणसाला तासाची साठ मिनिटे पुरतात का? यांतले एक उत्तर जरी नकारार्थी असेल, तर तिथे होणारी चूक कामगाराची म्हणून लिहिणे हा अन्याय आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते खोटे आहे.

गिरणीत मला हजेरीपटावर तिकीट नंबर होता. नावाने हाक मारा म्हणून आम्ही जॉबरशी भांडत असू. ते भांडण तेव्हा मला केवळ मानाचे वाटे. या वयात, एका मुलीच्या मेमोमुळे, मला कळले की ते कामाचेही होते. ज्याला नाव नाही, त्याचा दोष खरा कुणाचा हे कधीच सिद्ध होत नाही. आणि शिक्षा मात्र जवळ उभा असलेल्याला होते.

त्या टेबलावर आता दहा बोर्ड असतात. मुलगी तिथेच आहे. परवा मी गेलो तेव्हा बोर्डांवरच्या चिकटपट्ट्या तशाच होत्या. मी विचारले, आता या कशाला? ती म्हणाली, "काका, संगणकाला त्याचे कळते. मला माझे कळायला नको का?"